नापास व्हायची सोय

गुप्ते मॅडमना कोणी विचारलं, "मॅडम, पदवीनंतर मी काय करू?" की त्या उलट प्रश्न करायच्या, "तुझी आई वाल कधी भिजत घालणार आहे?"

विचारणारं पोर नवीन असेल तर गडबडून जायचं. ते बिचारं धीर गोळा करून स्टाफरूमच्या दारात उभं राहिलेलं असायचं. सी.ए. करू, की बँकेच्या परीक्षा देऊ, की मुंबईला विद्यापीठात जाऊन फायनान्सची पुढची पदवी घेऊ, या विचारानं त्याची झोप उडालेली असायची. आणि मॅडम वालांची चौकशी करायच्या. आम्हां जुन्यांना मात्र त्याचा अर्थ ठाऊक होता. मॅडम घरी येणार. रविवारी येणार, स्वयंपाकघरात फतकल मारून बसणार, आईबरोबर मोड आलेले वाल सोलणार, आणि त्या वालांचं बिरडं जेवून झालं की मग त्या पोराला त्याची वाट सांगणार. त्याआधी एक अक्षर बोलणार नाहीत. "आधी बिरडं, मग करिअर," असं त्यांचं ठरलेलं होतं.

रोह्याच्या कॉलेजात त्या आम्हाला फायनान्स शिकवायच्या. राहायच्या पेणला, एकट्याच. लग्न केलेलं नव्हतं. सकाळच्या गाडीनं रोह्याला यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या. बुटक्या, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि वर्गात पाऊल टाकलं की पहिलं काम पंखा बंद करायचं, कारण खडूची पूड त्यांच्या कडक इस्त्रीच्या साडीवर उडायची. एप्रिलमध्ये आम्ही वर्गात अक्षरशः शिजायचो. पण शिकवायला लागल्या की उकाडा विसरायला व्हायचं. आजचा रुपया आणि दहा वर्षांनी मिळणारा रुपया सारखे का नसतात, हे त्यांनी नारळाच्या रोपावरून सांगितलं होतं. "झाड तेच असतं गं. पण लावणारा तरणा आहे की म्हातारा, यावर त्या झाडाची त्याच्यापुरती किंमत ठरते." पुढे मी विद्यापीठात मोठमोठ्या प्राध्यापकांकडून तोच धडा सूत्रांसकट शिकले. परीक्षेत सूत्र लिहिलं, डोक्यात मात्र नारळच राहिला.

घरी जाण्याच्या सवयीवरून त्यांची थट्टा खूप व्हायची. मुलं त्यांना मागून 'सोयरीकवाल्या मॅडम' म्हणत. माझी मैत्रीण विद्या पेणची, तिच्या वडिलांचा गणपतींचा छोटा कारखाना होता. मॅडम तिच्याकडे गेल्या तेव्हा तिच्या आत्याची खात्रीच पटली की या बाई मुलगी बघायला आल्या आहेत. आत्यानं विद्याला आत नेऊन घाईघाईनं साडी नेसवली. मॅडमनीही खुलासा केला नाही, आत्याच्या हातचे पोहे खाल्ले आणि वाल सोलायला बसल्या. निघताना म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. पण या घरात पैसा वर्षातून एकदा येतो, गणपतीच्या आधी. तेव्हा हिनं दर महिन्याला येणारा पैसा आणावा. बँकेची परीक्षा दे, विद्या. शेअर बाजार नंतर." विद्या आज बँकेत आहे, कर्जाचे अर्ज तपासते, आणि खरोखर सुखात आहे.

आमच्या वर्गातल्या इरफानचं उलट झालं. त्याच्या वडिलांचं रोह्यात गॅरेज, थोरला भाऊ तिथेच हाताशी, आई शिवणकाम करायची. इरफान अभ्यासात बेताचा. सगळे म्हणत होते, याला कंपनीत चिकटवा. मॅडम त्याच्याकडे जेवून आल्या आणि त्याच्या वडिलांना म्हणाल्या, "याला सी.ए. करू द्या. दोनदा तरी नापास होईल. पण तुमच्या घरात नापास व्हायची सोय आहे." वडिलांना आधी रागच आला असणार. पण इरफान सांगितल्याप्रमाणे इमानदारीत दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास झाला, आणि आता रोह्यात त्याचं स्वतःचं ऑफिस आहे.

नापास व्हायची सोय. त्यांचं सगळं शास्त्र या तीन शब्दांत होतं. त्या म्हणायच्या, "पुस्तकात जोखमीची व्याख्या असते, पत्ता नसतो. जोखीम पोराच्या डोक्यात नसते, घरात असते. पोर पडलं तर खाली कोण आहे, ते मी बघून येते." बँकेत परीक्षा झाली की पुढच्या महिन्यात पगार, सी.ए.ला वर्षानुवर्षं थांबणं, गुंतवणुकीच्या धंद्यात आधी शिक्षणाचा खर्च आणि मग मुंबईत पाय रोवेपर्यंत दम धरणं. प्रत्येक वाटेला किती थांबावं लागतं, हे त्यांना पाठ होतं. कोणतं घर किती थांबू शकतं, एवढंच बघायला त्या जायच्या. आणि ते दिवाणखान्यात बसून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मोड आलेला वाल कोमट पाण्यातून काढून चिमटीत दाबला की सालातून डाळिंबी सुटते; हात त्या कामात गुंतले की बाईमाणूस मोकळं बोलतं. घरातला कर्ता पुरुष घराबद्दल काय सांगतो याकडे त्यांचं फारसं लक्ष नसायचं. तसं एकदा मीच त्यांना विचारलं होतं, ही सवय तुम्हाला कुठून लागली. तर म्हणाल्या, "माझ्या घरात नापास व्हायची सोय होती गं. मला मुंबईला जाता आलं असतं. पण तेव्हा कोणी घरी येऊन सांगितलं नाही."

आता माझं सांगते. माझं गाव निडीजवळ. वडील मी शाळेत असताना गेले. घरी आई आणि मी. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. दोन काका मुंबईला. घर तिघा भावांचं, म्हणून मोठं. मी वर्गात पहिली यायचे आणि मला एकच वेड होतं. कंपन्यांचे ताळेबंद वाचून त्यांची खरी किंमत काय, हे सांगणारी विश्लेषक व्हायचं. त्यासाठी विद्यापीठात दोन वर्षांचा फायनान्सचा अभ्यासक्रम करावा लागणार होता. प्रवेश मिळालाही. आणि त्याच आठवड्यात इथल्या एका सहकारी बँकेतून कारकुनाच्या नोकरीचं बोलावणं आलं. दोन्हींना गणपतीची सुट्टी संपली की उत्तर द्यायचं होतं. मी मॅडमना गाठलं. त्या पेपर तपासण्यात बुडालेल्या होत्या. त्यांना एकच दिवस मोकळा मिळत होता, गौरी जेवणाचा.

इथेच सगळं चुकलं. ही चूक कोकणातल्या माणसाच्या हातून तरी होऊ नये अशी आहे, कारण गौरी-गणपतीत कोकणातलं कुठलंही घर खरं दिसत नाही. दोन्ही काका, दोन्ही काकू, त्यांची पोरंटोरं, माहेरपणाला आलेली आत्या, असं सगळं गोकुळ घरात होतं. काकांनी सणासाठी भिंतींना रंग काढून घेतला होता. अंगणात मोठी पातेली चुलाण्यावर चढलेली, ओटीवर नाचाची तालीम चाललेली. मॅडम आल्या आणि रिवाजाप्रमाणे वाल सोलायला बसल्या. पण त्यांच्याबरोबर सोलायला बसल्या काकू. आई चुलीपाशी होती. एवढ्या माणसांचा स्वयंपाक टाकून ती उठणार कशी?

जेवणं झाल्यावर थोरले काका मॅडमसमोर येऊन बसले. "मॅडम, पोरगी हुशार हाय ना आमची? मंग शिकू द्या. तिचा बाप नाय, पन दोन काका उभं हायत. तिच्या आयशीला आमी कदी येकटं टाकलंय काय?" मॅडमनी दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. आई पदराला हात पुसत म्हणाली, "व्हय." तेवढंच. मॅडमच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला अजून दिसतं. मला म्हणाल्या, "जा तू. या घरात नापास व्हायची चांगली सोय आहे." मी त्याच दिवशी बँकेला नकार कळवला आणि आनंदानं वेडी झाले.

काका खोटं बोलले नव्हते. सणाला घरी आलेला माणूस जे बोलतो ते मनापासूनच बोलतो. पण गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, पिशव्या भरल्या गेल्या, दोन खोल्यांना कुलपं लागली, आणि मी मुंबईला गेले तेव्हा त्या मोठ्या रंगवलेल्या घरात आई एकटी उरली.

विद्यापीठातले दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस, हे मी कोणालाही सांगेन. वर्गात कोणाला म्युच्युअल फंडात जायचं होतं, कोणाला विमा कंपनीत, कोणाला कंपन्यांची पत ठरवणाऱ्या संस्थेत. आम्ही वाद घालायचो, चहा प्यायचो, कंपन्यांचे वार्षिक अहवाल फाडून खायचो. जोखीम विभागून ठेवावी, सगळा भार एकाच ठिकाणी टाकू नये, याचं गणित प्राध्यापक फळ्यावर मांडायचे. ते मला चटकन समजायचं आणि पूर्ण गुण मिळायचे. आमच्या घरचा सगळा भार कोणावर आहे, हा विचार काही माझ्या मनात आला नाही. तेवीस वर्षांच्या पोरीच्या मनात तो येत नाही.

दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात आई वाल पेरायला गेली असताना बांधावर पडली. उजवं अंग गेलं. सकाळी पडलेली, दुपार कलल्यावर शेजारच्या माणसाला दिसली. काका आले, रडले, आठवडाभर राहिले, आणि त्यांच्या नोकऱ्यांवर परत गेले. त्यांनी दुसरं काय करावं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी विद्यापीठ सोडलं. रोह्याजवळच्या धाटावला एका कंपनीत हिशेब विभागात नोकरी धरली आणि निडीहून रोह्याला गाडीनं जायला लागले.

त्याच गाडीत मॅडम भेटल्या. निडीला मी डब्यात चढले तर समोर त्याच बसलेल्या. "अगं सुषमा! सुट्टी आहे का?" म्हणाल्या. मी सांगितलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून सांगितलं. रोह्याला उतरल्यावर त्यांनी प्लॅटफॉर्मवर माझं मनगट धरून विचारलं, "आणि काका?" मी म्हटलं, "ते मुंबईला असतात, मॅडम." "असतात म्हणजे?" "म्हणजे तिथेच राहतात. गणपतीला येतात." त्यांनी मनगट सोडलं. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागू नये, आणि त्यांना तर नाहीच. पेणसारख्या गणपतींच्या गावात त्यांचा जन्म गेला होता.

पुढच्या रविवारी त्या घरी आल्या. या वेळी पातेली नव्हती, पोरं नव्हती. आई खाटेवर. तिची जीभ जड झाली होती, पण बोललेलं कळायचं. मॅडम दारातच उभ्या राहून कुलपं लावलेल्या दोन खोल्यांकडे बघत राहिल्या. आईनं मला वाल आणायला लावले आणि परात मांडीवर घेऊन चालत्या डाव्या हातानं सोलायला लागली. "बसा ना मॅडम," म्हणाली. मॅडम बसल्या, पण त्यांच्या हातून एक वाल सोलला जाईना.

"तुमी काय मनाला लावून घेऊ नका," आई म्हणाली. "तवा मीच बोलले नाय. पोरीचं तोंड बघितलं, येवढं फुललं व्हतं. म्हटलं, जाऊ दे."

"तुम्ही बोलला नाहीत, पण मी विचारलं कुठे?" मॅडम म्हणाल्या. "मी घर बघायला आले आणि सण बघून गेले."

त्यानंतर त्यांनी लोकांच्या घरी जाणं बंद केलं. पूर्ण बंद. वर्गात त्या पूर्वीसारखंच शिकवायच्या, पंखाही बंद करायच्या. पण कोणी "पुढे काय करू" विचारलं की म्हणायच्या, "मी शिकवते. सांगत नाही." पोरं मग कोणाचं तरी बघून, मोबाइलवर काहीतरी ऐकून, नाहीतर मामाच्या मेव्हण्याच्या सल्ल्यानं वाटा धरायची. काही तरली, काही आपटली. ज्यांच्या घरात थांबायची ताकद नव्हती ती सी.ए.च्या मागे चार-चार वर्षं घालवून बसली, आणि ज्यांच्या घरात होती ती पहिल्याच महिन्याच्या पगारावर चिकटली. माझा जीव तुटायचा. एका माझ्यापायी अख्ख्या तालुक्याची पोरं सल्ल्याला मुकली, असं वाटायचं.

मी त्यांच्याशी भांडलेसुद्धा. म्हटलं, "मॅडम, माझं काय वाईट झालंय? नोकरी आहे, आईजवळ आहे. मी तुमच्यावर रागावलेली नाही." त्या म्हणाल्या, "तू चांगली आहेस म्हणून माझा अंदाज बरोबर ठरत नाही, सुषमा." एकदा गावातल्या एका हुशार मुलीला मी त्यांच्याकडे घेऊन गेले. तिलाही फायनान्समध्ये पुढे शिकायचं होतं. मॅडमनी तिला चहा दिला, तिच्या अभ्यासातल्या दोन शंका सोडवल्या आणि बाकी काही न बोलता दारापर्यंत पोचवलं. मी जिन्यात थांबून म्हटलं, "तिला नुसतं हो किंवा नाही तरी सांगा." त्यांनी दार हळूच लावून घेतलं. मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता.

वर्षं गेली. मॅडम निवृत्त झाल्या. आई गेली. खाटेवर पडल्यापडल्याही तिनं शेवटपर्यंत शेजारणींना वालाच्या पेरणीचे सल्ले दिले. तिला सल्ला देण्याची भीती कधी वाटली नाही. ती गेल्यावर माझे रविवार ओस पडले आणि मी ते पेणला घालवायला लागले. मॅडमचं हृदय अशक्त झालं होतं, दोन जिने चढल्या तरी धाप लागायची. मी शनिवारी कामावरून परस्पर पेणला उतरायचे, डॉक्टरांकडे न्यायचे, आठवड्याची भाजी आणून ठेवायचे, बिरडं करायचे. "मीठ कमी आहे," त्या म्हणायच्या. "तुम्हाला डॉक्टरांनीच कमी सांगितलंय," मी म्हणायचे. हे संवाद दर रविवारी अक्षराचाही बदल न होता व्हायचे. माझं लग्न झालं नाही. का, ते सांगत बसत नाही. पण मला त्या घरात बरं वाटायचं, एवढं खरं.

मग गेल्या वर्षी कंपनीनं मला बडोद्याच्या मुख्य कचेरीत जागा देऊ केली. ट्रेझरी विभाग. म्हणजे कंपनीचा पैसा कुठे ठेवायचा, परदेशी चलनाच्या चढउतारापासून तो कसा जपायचा, हे ठरवणारी माणसं. सोबत तिथल्या विद्यापीठात फायनान्सची राहिलेली पदवी पूर्ण करायची, कंपनी सवड देणार. बावीस-तेविसाव्या वर्षी जे मागितलं होतं ते पस्तिशी उलटल्यावर दारात येऊन उभं राहिलं. मी मॅडमना काहीच बोलले नाही. पण आमच्या कंपनीचं काम इरफानच्या ऑफिसकडे असतं, आणि इरफानच्या पोटात कधीच काही राहिलेलं नाही.

मॅडमचा फोन आला. "या रविवारी तू येऊ नकोस. मी येते तुझ्याकडे. पंचांग बघितलंय, कुठलाही सण नाही. आणि वाल मी भिजवून आणते."

त्यांना मनाई करण्यात अर्थ नव्हता. निडी स्टेशनवर मी रिक्षा घेऊन उभी होते. गाडीतून उतरताना त्यांनी दोन्ही हातांनी दांडी धरली, आणि मोड आलेल्या वालांची पिशवी दातांत धरलेली. इतक्या वर्षांनी त्या कोणाच्या तरी घरी निघाल्या होत्या. मला रडू आवरेना आणि त्या मला 'बावळट' म्हणाल्या.

घरात आल्यावर आधी त्यांनी सगळं घर फिरून पाहिलं. प्रत्येक दार ढकलून पाहिलं. स्वयंपाकघरात किती ताटं पालथी आहेत ते पाहिलं, बाहेर किती चपला आहेत ते पाहिलं. शेजारच्या म्हातारीला कुंपणापाशी बोलावून विचारलं, "इथे एरवी कोण असतं हो?" म्हातारी म्हणाली, "कोन असनार? हीच येकटी. साधं कुत्रंपन नाय ठेवत." मग त्या शांतपणे बसल्या. आम्ही वाल सोलले, मी बिरडं केलं, त्यांनी मीठ कमी असल्याचं सांगितलं. ताट बाजूला सारून म्हणाल्या,

"जा तू बडोद्याला. आता पक्कं बघितलंय. या घरात नापास व्हायची पूर्ण सोय आहे. तू पडलीस तरी कोणाच्या अंगावर पडणार नाहीस. तुझ्यावाचून अडणारं इथे कोणी नाही."

त्यांनी सगळी दारं पाहिली होती, सगळी ताटं मोजली होती. स्वतःला हिशेबात धरलंच नव्हतं. शनिवारची औषधं, डॉक्टर, भाजी, रविवार, हे सगळं त्यांच्या लेखी कशातच येत नव्हतं. मी न राहवून म्हटलं, "आणि तुम्ही, मॅडम?"

"मी या घरातली कुठे?" त्या सहज म्हणाल्या. आणि मग माझा चेहरा पाहून त्यांचा चेहरा उतरला. "सुषमा," त्या म्हणाल्या, "परत चुकले का गं मी?"

त्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची माझी हिंमत झाली नाही. झाली असती तरी मी दिलं नसतं. मी म्हटलं, "नाही मॅडम. अगदी बरोबर आहे. मी जाते."

त्यांनी डोळे मिटून केवढा तरी मोठा श्वास सोडला.

त्या दिवसानंतर मॅडम बदलल्या. म्हणजे पूर्वीसारख्या झाल्या. स्वतःहून मला म्हणाल्या, "मी परत पाठवलेली ती तुझ्या गावातली मुलगी अजून घरीच बसलीय ना? तिला तिच्या आईबरोबर पाठव. वाल घेऊन ये म्हणावं." पेणच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात पोरं आणि त्यांच्या आया यायला लागल्या. प्रवास झेपत नव्हता म्हणून त्यांनी घराऐवजी आईलाच बोलवायचं ठरवलं होतं, आणि पहिला प्रश्न नवा केला होता, "सण नसताना तुमच्याकडे किती माणसं जेवतात?" आमच्या गावातल्या त्या मुलीला त्यांनी सांगितलं, आधी नोकरी, मग नोकरी करता करता विमा क्षेत्रातल्या परीक्षा. ती आता तसंच करते आहे. विद्याचा पुतण्या आला, इरफाननं ओळखीची दोन पोरं पाठवली. इरफान मला म्हणाला, "तुझ्यामुळे मॅडम जिवंत झाल्या बघ."

कंपनीला मी दिवाळीपर्यंत थांबा म्हणून सांगितलं, दिवाळी झाल्यावर मार्चपर्यंत. मॅडमना सांगितलं, आणि इरफानलाही, की कंपनीनंच पुढे ढकललंय. दर रविवारी त्या विचारायच्या, "पत्र आलं का बडोद्याचं?" मी म्हणायचे, "येईल." त्या म्हणायच्या, "मोठ्या कंपन्यांचं असंच असतं. तू धीर सोडू नकोस." मला हसू यायचं आणि मी भाजी निवडायचं निमित्त करून खाली बघायचे.

माघात एका दुपारी त्या गेल्या. मी बाथरूममधून त्यांचे कपडे धुऊन बाहेर आले तर खुर्चीत बसल्याबसल्या मान कलली होती. समोर परातीत कोमट पाण्यात वाल तसेच होते. संध्याकाळी यायच्या एका मुलासाठी आणि त्याच्या आईसाठी भिजवलेले. ती दोघं आली तेव्हा मलाच दारात जाऊन सांगावं लागलं. मुलाची आई पायरीवर बसून रडली. तिनं मॅडमना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

शेवटचे विधी त्यांच्या भाच्यानं केले. माणसं खूप आली. बँकांतली, विमा कंपन्यांतली, सी.ए. झालेली, शेअर दलालाकडे काम करणारी, कंपन्यांच्या हिशेब विभागांतली. ज्याला त्याला आपल्या घरी मॅडम काय जेवल्या आणि आईशी काय बोलल्या, हे आठवत होतं. विद्या मला मिठी मारून म्हणाली, "तुझंही बरोबरच सांगितलं त्यांनी शेवटी." मी मान डोलावली.

बडोद्याला मी रुजू होण्याचा दिवस कळवलाय. पस्तीस-छत्तिसाव्या वर्षी पोराटोरांच्या वर्गात बसून परीक्षा द्यायची आहे. नापास व्हायला झालं तर, असाही विचार येतो. मग घरभर बघते. शनिवारी कामावरून सुटले की पाय अजून पेणच्या गाडीकडेच वळतात, आणि फलाटावर पोचल्यावर आठवतं की पेणला उतरायचं कारण उरलेलं नाही. माझ्यावाचून अडणारं आता खरंच कोणी नाही. मॅडमचा अंदाज बरोबर आहे. त्या होत्या तोवर तेवढा तो चुकीचा होता.